घरालगतच्या गाडीच्या जागेत छोटी कार्यशाळा उभारायची आहे: फरशी, वीज आणि हत्यारांचा क्रम कसा ठरवावा?

औसा_रस्ता (लातूर)

सर्वांना नमस्कार. लातूर शहराबाहेर, औसा रस्त्याच्या बाजूला आमच्या घराचे बांधकाम जोत्यापर्यंत आले आहे. घराच्या पश्चिमेला गाडीसाठी ११ फूट रुंद आणि २० फूट लांब अशी जागा सोडलेली आहे. रात्री तेथे आमची छोटी चारचाकी उभी राहील. दिवसा गाडी बाहेर काढून त्याच जागेत कार्यशाळा चालवावी, असा विचार आहे. शेत येथून जवळ असल्यामुळे कोळपे, वखर, तिफण आणि फवारणी पंप यांची लहानसहान दुरुस्ती सतत निघते, आणि एक कोळप्याचा दांडा सांधण्यासाठी ऐन हंगामात वेल्डिंगच्या दुकानात अर्धा दिवस बसून राहावे लागते. मुलगा आय.टी.आय.मध्ये फिटर ट्रेडला आहे. त्याला घरी हात चालवण्यासाठी जागा मिळावी, हाही एक हेतू आहे. थोडे लाकूडकामही करण्याची इच्छा आहे.

जमीन काळी, भेगाळणारी आहे. ठेकेदाराच्या मते घरात बसवणार आहोत त्याच व्हिट्रिफाइड टाइल्स या जागेतही बसवाव्यात. वडिलांचे म्हणणे शहाबादी फरशी घालावी असे आहे. वर स्लॅब टाकावा की पत्रे, हेही अजून ठरलेले नाही. बांधकाम सोडून हत्यारे आणि यंत्रे यांसाठी सुमारे ७५,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. भिंती उभ्या राहण्यापूर्वी कोणत्या गोष्टी ठरवून घ्याव्यात आणि खरेदी कोणत्या क्रमाने करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


गोदाकाठ (नांदेड)

आपण हा प्रश्न जोते झाल्यावर आणि फरशी होण्यापूर्वी विचारलात, ही फार चांगली गोष्ट झाली. मी बांधकाम क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हत्यारांबद्दल न बोलता जमीन आणि वीज या दोनच गोष्टींबद्दल लिहितो. हत्यार पुढे केव्हाही बदलता येते. फरशीखालचा भराव आणि भिंतीतली वायर नंतर बदलायची म्हटली तर सगळे फोडावे लागते.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचा भार खोल पायावर आणि जोत्याच्या तुळईवर असल्यामुळे भिंती तग धरतात, परंतु फरशी मात्र थेट भरावावर बसलेली असते, म्हणून मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत फरशी भिंतीच्या आधी उचलते किंवा खचते. या जागेतली काळी माती किमान २ ते ३ फूट काढून टाका आणि तेथे चांगला कठीण मुरूम भरा. मुरूम एकदम ओतून वरवर पाणी मारण्याची पद्धत सर्रास दिसते. ती चालू देऊ नका. ६ इंचांचा एक थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस (ठोकून दाबणे), आणि तो थर पक्का बसल्यानंतरच पुढचा, या क्रमाने काम करून घ्या आणि त्या वेळी स्वतः उभे राहा. त्यावर दगडी सोलिंग (दगडांचा रचलेला थर) आणि त्यावर ४ ते ५ इंच जाडीचे एम-२० प्रतीचे काँक्रीट, वरून घोटून गुळगुळीत केलेला कोबा, एवढे पुरेसे आहे. चारचाकीचे वजन आणि वेल्डिंगचे टेबल दोन्ही त्यावर आरामात बसतील.

कोबा आणि भिंत यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबरी पट्टीने भरा, म्हणजे फरशी हलली तरी भिंतीला तडा जाणार नाही. २० फूट लांबीच्या मधोमध एक सांधाही सोडा. उतार दाराच्या दिशेने, १० फुटांत सव्वा इंच एवढाच द्या. त्याहून जास्त दिला तर टेबल कधीच समतल बसत नाही आणि गाडीखाली जॅक लावणेही धोक्याचे ठरते. पाणी मारण्याच्या बाबतीत घाई नको. आपल्याकडे मिळणारे बहुतेक सिमेंट राखमिश्रित असते आणि हवा कोरडी व उष्ण. अशा परिस्थितीत काँक्रीट १४ दिवस ओले ठेवावे, अशी शिफारस भारतीय मानक ४५६ मध्ये आहे. कडेने छोटे बांध घालून पाणी साठवून ठेवले की दिवसातून कितीदा पाणी मारले हा वादच उरत नाही.

व्हिट्रिफाइड टाइल्स येथे मुळीच नकोत. हातातून हातोडा निसटला की टाइल फुटते, ऑइल सांडले की पाय घसरतो, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या तिच्या चकाकीवर कायमचे काळे ठिपके पाडतात. वडिलांनी सुचवलेली शहाबादी तिच्यापेक्षा नक्कीच बरी आहे, पण तो चुनखडीचा दगड असल्यामुळे बॅटरीचे ॲसिड सांडले की खरवडल्यासारखा होतो, आणि जॅकचा भार एका कोपऱ्यावर आला की लादी तडकते. शहाबादी घरासमोरच्या ओट्याला घाला. कार्यशाळेत कोबाच हवा.

विजेबद्दल. मीटरपासून या जागेसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून येथे वेगळा बोर्ड बसवा आणि त्यात ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या. तेथून पुढे वेल्डिंगच्या सॉकेटला ४ चौरस मिलिमीटर, १६ ॲम्पिअरच्या इतर सॉकेटना २.५ आणि दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, अशी विभागणी करा. दिव्यांचा एम.सी.बी. (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) यंत्रांच्या एम.सी.बी.पासून वेगळा ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. ग्राइंडर अडकून एम.सी.बी. पडला आणि त्याबरोबर दिवेही गेले, तर चाक अजून फिरत असते आणि समोर अंधार असतो. सॉकेट जमिनीपासून ४ फूट उंचीवर, टेबलाच्या पृष्ठभागाच्या वर घ्या. टेबलामागे दडलेल्या सॉकेटमध्ये कीस आणि लोखंडाचा भुगा साचतो.

अर्थिंगचा खड्डा घराच्या खड्ड्यापासून वेगळा घ्या, मात्र दोन्ही अर्थिंग एकमेकांना वायरने जोडलेली असावीत. पावसाळ्यात काळ्या जमिनीत अर्थिंग उत्तम लागते, परंतु एप्रिल-मेमध्ये माती सुकून पाइपपासून सुटते आणि तेव्हा ते नावापुरते उरते. म्हणून खड्ड्यावर झाकण आणि पाणी घालण्याची नळी ठेवून उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालत जा, आणि अर्थिंगचे माप पावसाळ्यात न घेता मे महिन्यात घ्या.


जालना_फॅब्रिकेशन (जालना)

वरचा प्रतिसाद प्रत्येक शब्दासह मान्य आहे. मी त्यात एक भर घालतो, कारण ती गोष्ट शेतकरी घरात विशेष लागू पडते. शेतातल्या मोटरीला आपण ऑटो बसवतो, म्हणजे रात्री केव्हाही वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. कार्यशाळेतल्या यंत्राला नेमके याच्या उलट हवे. ड्रिल चालू असताना वीज गेली, माणूस बटण बंद करायला विसरला आणि चकमध्ये (बिट पकडणाऱ्या जबड्यात) अडकलेला तुकडा हाताने काढू लागला, त्याच क्षणी वीज परत आली, तर बोटे जातात. टेबलावरचे ड्रिल आणि साण (धार लावण्याचा विजेवर फिरणारा दगड) यांना विहिरीच्या मोटरीसारखाच स्टार्टर बसवा. त्यातली नो-व्होल्ट कॉइल वीज जाताच सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. त्याच्यासोबत ऑटो मात्र कधीही जोडू नका. घरात शिकाऊ मुलगा काम करणार असेल तर या खर्चावर अजिबात काटकसर करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता जागेची मांडणी. छोटी चारचाकी ४ मीटरच्या आत, म्हणजे १३ फुटांच्या आसपास असते. २० फुटांतून ती वजा केली की मागच्या भिंतीपाशी सुमारे ७ फूट उरतात. टेबल या मागच्या भिंतीला लावा. बाजूच्या भिंतीला लावले तर गाडीचे दार उघडणार नाही आणि दोन महिन्यांत टेबल सामान ठेवण्याची फळी होऊन बसेल. मागच्या भिंतीला ७ फूट लांब आणि २ फूट रुंद टेबल ठेवून त्याच्यासमोर ५ फूट मोकळी जागा मिळते, तेवढ्यात माणूस वखराचे पासही फिरवू शकतो. लांब अँगल किंवा पाइप कापायचे असतील तेव्हा गाडी बाहेर काढावीच लागेल. खरे तर ठिणग्या उडवणारे कोणतेही काम गाडी बाहेर काढूनच करावे. पेट्रोलच्या टाकीजवळ ग्राइंडर चालवणे धोक्याचे आहेच, शिवाय तापलेले लोखंडाचे कण काचेत रुतून बसतात आणि पुसल्याने निघत नाहीत.

टेबल विकत आणू नका, मुलाकडून बनवून घ्या. त्याचे पहिले खरे काम तेच असू द्या. ४० × ४० × ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो भरतो. चार पाय, वरची चौकट, दोन आडवे आधार आणि खालची चौकट मिळून सुमारे १६ मीटर, म्हणजे ४८ किलो लोखंड लागेल. जालन्यात सळईच्या मिल आहेत म्हणून लोखंड येथेच स्वस्त पडेल असे अनेकांना वाटते, पण एवढ्याशा मालासाठी येण्याचा खर्च परवडत नाही. लातुरातच वजनावर घ्या आणि वजनकाट्यासमोर उभे राहून घ्या. वरचा पृष्ठभाग दोन भागांत करा. एका टोकाला २ × २ फुटांची ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट वेल्डिंगसाठी बसवा. तिचे वजन साधारण साडेसतरा किलो होते. उरलेल्या ५ फुटांवर २ इंची बाभळीच्या फळ्या बोल्टने बसवा. गाड्याच्या आसाला आणि वखराच्या खोडाला आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभूळ वापरली ती उगाच नव्हे. घणाचा घाव ती सोसते. मात्र फळ्या पूर्ण वाळलेल्या असाव्यात, आणि वाळवी व भुंगा यांच्यासाठी त्यांना बसवण्यापूर्वी सर्व बाजूंनी औषध लावलेले असावे.

व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शेगडा) ६ इंची घ्या, आणि तो टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसवा, मधल्या अधांतरी भागावर नको. त्याच्या जबड्याचा वरचा काठ काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे, कारण कानस मारताना हात आडवा सरळ चालला तरच पृष्ठभाग सपाट निघतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसासाठी टेबल ३३ ते ३४ इंच ठेवले की हे जुळते. ओतीव लोखंडाच्या व्हाइसवर घण मारू नये. तो अचानक, कोणतीही सूचना न देता तुटतो. ठोकाठोकीसाठी एक लहान ऐरण किंवा जाड पोलादी ठोकळा जमिनीवर लाकडी ओंडक्यात बसवून घ्या.

खरेदीच्या क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे. टेबल आणि व्हाइस पहिल्यांदा; त्यानंतर मोजण्याची आणि आखण्याची हत्यारे, म्हणजे पोलादी पट्टी, गुण्या, व्हर्निअर, सेंटर पंच; त्यानंतर हॅकसॉ, दोन-तीन प्रकारच्या कानशी, रिंग पाने, गोटी पान्यांचा एक संच, पक्कड, हातोडे आणि ६, ८, १० व १२ मिलिमीटरचे टॅप-डाय (आटे पाडण्याची हत्यारे). शेतीच्या अवजारांत आटे गेलेले नट-बोल्ट हीच निम्मी दुरुस्ती असते, त्यामुळे टॅप-डायचे पैसे पहिल्याच हंगामात वसूल होतात. एवढे हाताशी आले की ४ इंची ग्राइंडर, १३ मिलिमीटर चकचे हातातले ड्रिल आणि इन्व्हर्टर प्रकारचे वेल्डिंग मशीन घ्यावे. टेबलावरचे ड्रिल शेवटी, आणि ते जुने पाहावे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींच्या आसपास जुनी यंत्रे विकणाऱ्यांकडे फिरलात तर नव्या हलक्या ड्रिलच्या किमतीत जुने वजनदार ड्रिल मिळू शकते. घेताना चक हातात धरून आडवे हलवून पाहा, आणि सरळ सळई पकडून सावकाश फिरवून तिचे टोक डोलते का ते तपासा. टोक डोलत असेल तर रंग कितीही नवा असला तरी ते घेऊ नये. वेग बदलण्याची सोय असलीच पाहिजे, कारण साध्या लोखंडात १० मिलिमीटरचे भोक पाडताना मिनिटाला सुमारे ८०० फेरे योग्य असतात आणि ५ मिलिमीटरला त्याच्या दुप्पट. एकाच वेगाने सगळी भोके पाडणाऱ्याचे ड्रिल-बिट जळत राहतात. कॉम्प्रेसरची आपल्याला सध्या गरज दिसत नाही.

मुलाला तीन नियम पहिल्या दिवशीच सांगा. ग्राइंडरचे संरक्षक कवच काढायचे नाही, लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावायचे नाही, आणि टेबलावरच्या ड्रिलवर हातमोजे घालून काम करायचे नाही. वेल्डिंगला चामड्याचे मोजे आवश्यक आहेत, पण फिरत्या ड्रिलमध्ये त्याच मोज्याचे टोक अडकले तर ते हातासकट ओढले जाते. साणेचा टेका आणि दगड यांतले अंतर ३ मिलिमीटरच्या आत ठेवावे. दगड झिजेल तसा टेका पुढे सरकवत राहिले पाहिजे.


उमरगा (धाराशिव)

छत आणि हवा यांविषयी थोडे लिहितो. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो आणि आपली जागा पश्चिमेला आहे, म्हणजे दुपारचे सगळे ऊन तिच्यावर येणार. स्लॅब परवडत असेल तर स्लॅबच टाका. पत्रे टाकायचे ठरल्यास उंची १२ फुटांपेक्षा कमी ठेवू नका, पत्र्यांना वरून पांढरा रंग द्या आणि माथ्यावर वाऱ्याने फिरणारा व्हेंटिलेटर बसवा. उष्णता अडवण्यासाठी पत्र्याखाली थर्माकोल लावण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. जेथे वेल्डिंग होणार तेथे तो कृपया स्वीकारू नका. थर्माकोल झपाट्याने पेटतो, वितळून जळते थेंब खाली टाकतो आणि त्याचा धूर घातक असतो.

समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका खाली आणि एक वर ठेवला तर गरम हवा आपोआप बाहेर जाते. धुरासाठी वेल्डिंगच्या टोकाजवळ एक्झॉस्ट पंखा लागेलच. तो घराच्या खिडक्यांच्या दिशेला नसावा, हे भिंत बांधतानाच पाहून घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला जी.आय. पाइप जोडायचा असेल तर सांध्याजवळचा मुलामा आधी कानशीने काढा आणि काम उघड्यावर करा. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. ए.बी.सी. प्रकारचे अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या दाराजवळ ठेवा, टेबलाजवळ नकोत, कारण आग टेबलाजवळच लागते. लाकडाचा भुसा झाडून काढल्याशिवाय त्या दिवशी वेल्डिंग करू नये.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातली माणसे सहसा विसरत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्यापासून काही अंतरावरच झाला. जड सामानाची मांडणी नुसती भिंतीला टेकवून उभी करू नका. वर आणि खाली बोल्टने भिंतीत पक्की करा, जड वस्तू खालच्या फळीवर ठेवा आणि ज्या बाजूला मनुष्य उभा राहून काम करतो तिच्या डोक्यावर लोखंड साठवू नका.


औसा_रस्ता (लातूर)

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मुरूम आणि कोबा यांबद्दल आज ठेकेदाराशी बोलणे झाले. थराथराने धुम्मस करण्यास त्याने होकार दिला आहे, आणि वडिलांनीही शहाबादी ओट्यावर घालण्याची सूचना आनंदाने मान्य केली. टेबल मुलाकडूनच करून घेणार आहोत.

एक शंका उरली आहे. आमच्याकडे एकच फेज आहे आणि रब्बीत आसपासच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० च्या आसपास येते. अशा स्थितीत वेल्डिंग मशीन चालेल का? त्यासाठी स्टॅबिलायझर घ्यावा का?


जालना_फॅब्रिकेशन (जालना)

कोळपे आणि वखर यांच्या कामाला २.५ मिलिमीटरची वेल्डिंगची कांडी (इलेक्ट्रोड) पुरते. ती ८० ॲम्पिअरच्या आसपास चालते, आणि तेव्हा मशीन २३० व्होल्टच्या जोडणीतून सुमारे १४ ॲम्पिअर ओढते. व्होल्टेज १८० झाले तर तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी तेच मशीन १८ ॲम्पिअर ओढेल, म्हणून १६ ॲम्पिअरचे साधे सॉकेट तापेल. वेल्डिंगसाठी २० ॲम्पिअरचे औद्योगिक सॉकेट आणि तेवढाच एम.सी.बी. बसवा; वर सांगितलेली ४ चौरस मिलिमीटरची वायर याच कारणासाठी आहे. मशीन घेताना ते किमान किती व्होल्टपर्यंत चालते हे त्याच्या पाटीवर वाचून घ्या आणि १६० किंवा त्याखाली चालणारेच निवडा. स्टॅबिलायझर घेऊ नका. वेल्डिंगचा भार पेलेल एवढा स्टॅबिलायझर मशीनपेक्षा महाग पडतो.

घराचा मंजूर भार किती आहे हे वीजबिलावर छापलेले असते. तो २ किलोवॅट किंवा त्याहून कमी असेल, तर यंत्रे आणण्यापूर्वीच भार वाढवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करा. कमी व्होल्टेजचा खरा त्रास टेबलावरच्या ड्रिलच्या आणि साणेच्या मोटरीला होतो, कारण ती मोटर जोर कमी पडला की जास्त प्रवाह ओढून तापते. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असेल आणि तो मोटरीच्या पाटीवरच्या ॲम्पिअरवर लावलेला असेल तर मोटर जळण्यापूर्वी बंद पडेल. आणि शेतात नेण्यासाठी लांब वायरची जोडणी कराल, तेव्हा ती वायर चाकावरून पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेली वायर वेल्डिंगच्या भाराने आतल्या आत तापून वितळते.